वाऱ्याचे बाण मराठवाड्याच्या नकाशावर: ‘आर’मध्ये सदिश क्षेत्र काढण्याची सविस्तर पद्धत

बाणांचा नकाशा (जागोजागचा वेग आणि दिशा दाखवणारं सदिश क्षेत्र) चुकला तरी देखणाच दिसतो, आणि खरी अडचण तिथेच आहे. तक्त्यात एखादा आकडा चुकला तर बेरीज जुळत नाही आणि चूक सापडते. नकाशावरचे सगळे बाण उलटे लागले तरी जिल्ह्यांच्या सीमा, रंग, मथळा जागच्या जागी राहतात, आणि प्रबंध तसाच छापला जातो. म्हणून बाण काढण्याच्या आज्ञेला या लेखात थोडीच जागा दिली आहे. बाण कुठे ठेवायचा, किती लांब, कुठल्या दिशेला आणि कशाच्या सरासरीचा, यावर भर जास्त आहे.

उदाहरण एकच घेऊ: जुलै २०२३ मधला, दुपारी अडीचच्या सुमाराचा, जमिनीपासून १० मीटर उंचीवरचा मराठवाड्यातला वारा. साधन ‘आर’ ही मोफत संगणकभाषा आणि तिच्या टेरा (जाळीचे थर वाचायला), एसएफ (सीमा वाचायला), जीजीप्लॉट २ (नकाशा काढायला) व रॅग (चित्राची फाईल काढायला) या चार पुरवणी संचिका. आज्ञांची नावं इथे देवनागरीत आहेत. टाईप करताना ती रोमन लहान अक्षरांत आणि शब्दांमध्ये अंडरस्कोर घालून लिहायची.

आधी आकडेवारी

कोपर्निकस क्लायमेट डेटा स्टोअर या संकेतस्थळावर मोफत खातं काढा आणि परवान्याच्या अटी मान्य करा. त्या मान्य केल्या नाहीत तर मागणी रांगेत न लागताच परत येते. तिथला ईआरए ५ हा संच (निरीक्षणं आणि हवामानाचं गणिती प्रतिमान जुळवून काढलेली आकडेवारी) ईसीएमडब्ल्यूएफ ही युरोपीय संस्था तयार करते. तो १९४० पासून तासागणिक उपलब्ध आहे आणि त्याची जाळी ०.२५ अंशाची, म्हणजे आपल्याकडे साधारण २६-२७ किलोमीटरची आहे. त्यातून दोन चल निवडा: टेन मीटर यू कंपोनंट ऑफ विंड आणि टेन मीटर व्ही कंपोनंट ऑफ विंड. यू म्हणजे पूर्वेकडे जाणारा वेग, व्ही म्हणजे उत्तरेकडे जाणारा. दोन्ही मीटर प्रति सेकंदात असतात आणि दोन्ही ऋण असू शकतात.

वेळ निवडताना एक गोष्ट विसरायची नाही. तिथलं घड्याळ जागतिक प्रमाणवेळेचं आहे आणि आपली वेळ साडेपाच तास पुढे आहे. दुपारी अडीचचा वारा हवा असेल तर ०९:०० निवडा. १४:०० निवडलंत तर संध्याकाळी साडेसातचा वारा मिळेल. तोपर्यंत जमीन निवायला लागलेली असते आणि वेग वेगळा येतो.

क्षेत्राच्या चौकटीत आकड्यांचा क्रम उत्तर, पश्चिम, दक्षिण, पूर्व असा आहे. आपल्यासाठी २१, ७४, १७, ७९. या चौकटीत आठही जिल्हे बसतात आणि कडेने थोडी मोकळी जागाही उरते. जाळीचे २१ उभे स्तंभ आणि १७ आडव्या ओळी, म्हणजे ३५७ बिंदू मिळतात. जुलैचे ३१ दिवस, रोज एक वेळ, म्हणून प्रत्येक चलाचे ३१ थर. फाईल नेटसीडीएफ या, जाळीवरच्या आकडेवारीसाठीच्या स्वरूपात घ्या.

अगदी ताज्या महिन्यांसाठी मिळणारी आकडेवारी तात्पुरती असते. तिला ईआरए ५ टी म्हणतात आणि अंतिम आकडे दोन-तीन महिन्यांनी येतात. प्रबंधासाठी अंतिम आकडेच वापरा.

काही जण १० मीटरऐवजी दाबाच्या पातळीवरचा वारा घेतात. मोसमी वाऱ्यांचा मोठा पट दाखवायचा असेल तर ८५० हेक्टोपास्कलची पातळी उत्तम. ती साधारण दीड किलोमीटर उंचीवर असते आणि तिथला प्रवाह घर्षणापासून बराचसा मोकळा असतो. पण ‘जमिनीलगतचा वारा’ म्हणून १००० हेक्टोपास्कलची पातळी कधीही घेऊ नका. मराठवाडा पठारावर आहे, बहुतेक भाग समुद्रसपाटीपासून ४०० ते ६०० मीटर उंच. १००० हेक्टोपास्कलची पातळी समुद्रसपाटीपासून शंभरेक मीटरवर असते, म्हणजे परभणीत ती जमिनीखाली येते. संगणक तिथेही आकडा देतो, कारण तो गणिताने खाली ओढून काढलेला असतो. नकाशा सुबक येईल, पण तो वारा कुठेच वाहत नसतो.

फाईल उघडताना टेराच्या रास्ट आज्ञेला फाईलच्या नावापुढे चलाचं नावही द्या: एकदा यू १०, एकदा व्ही १०. दोन्ही एकदम उघडले तर ६२ थरांचा एकच गठ्ठा होतो आणि मग कुठला थर कुणाचा हे शोधत बसावं लागतं. उघडल्यावर टाईम आज्ञेने तारखा बघा, थर ३१ आहेत का ते मोजा.

आधीच संपूर्ण भारताची फाईल हाताशी असेल तर ती क्रॉप आज्ञेने कापा, पण चौकट ७४, ७९, १७, २१ अशी देऊ नका (इथे क्रम पश्चिम, पूर्व, दक्षिण, उत्तर असा आहे). ईआरए ५ मध्ये ७४ ही पेशीच्या, म्हणजे जाळीतल्या एका चौकोनाच्या, मध्याची जागा आहे; पेशीच्या कडा ७३.८७५ आणि ७४.१२५ वर येतात. अगदी मध्यावर कापायला सांगितलं की कडेचा स्तंभ राहील की जाईल हे नशिबावर. ७३.९, ७९.१, १६.९, २१.१ द्या. बरोबर २१ स्तंभ आणि १७ ओळी मिळतील.

सीमा आणि आठ जिल्हे

जिल्ह्यांच्या सीमांची फाईल एसएफच्या एसटी रीड आज्ञेने वाचा आणि छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर, धाराशिव, बीड एवढेच जिल्हे गाळून घ्या. गाळल्यावर ओळी मोजा. सात आल्या आणि हिंगोली नसेल, तर फाईल १ मे १९९९ पूर्वीच्या सीमांची आहे. तेव्हा हिंगोली परभणीतच होतं. सहाच आल्या तर बहुधा औरंगाबाद आणि उस्मानाबाद ही जुनी नावं फाईलमध्ये आहेत आणि गाळणीत अडकली आहेत. परदेशी संकेतस्थळांवरच्या फाईली मराठवाड्यापुरत्या चालतात. कोपऱ्यात भारताचा छोटा नकाशा देणार असाल, तर बाह्य सीमा सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाप्रमाणेच असायला हवी. ती फाईल तिथूनच घ्या.

दिशेचा घोळ

हवामानशास्त्रात वाऱ्याची दिशा म्हणजे वारा *जिकडून* येतो ती बाजू. ‘नैऋत्य मोसमी वारे’ म्हणजे नैऋत्येकडून येणारे, हे शाळेपासून ठाऊक असतं. बाण मात्र वारा *जिकडे* जातो तिकडे रोखलेला असतो. वेधशाळेची दिशा अंशांत, उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याप्रमाणे मोजतात. गणितातला कोन पूर्वेपासून उलट्या दिशेने मोजतात. या दोन फरकांतून सगळा गोंधळ उडतो.

यू आणि व्ही हाताशी असतील तर कोन काढूच नका, थेट तेच वापरा. वेधशाळेचा वेग आणि दिशा असेल, तर सूत्र असं:

यू = − वेग × साईन (दिशा)
व्ही = − वेग × कोसाईन (दिशा)

ऋण चिन्ह ‘जिकडून’चं ‘जिकडे’ करतं. तपासायला पश्चिमेचा वारा घ्या. दिशा २७०, साईन उणे एक, म्हणून यू धन येतो आणि बाण पूर्वेकडे जातो. ‘आर’मधल्या साईन-कोसाईनला कोन रेडियनमध्ये लागतो, म्हणून अंशांना आधी पायने गुणून १८० ने भागा. हे विसरलात तर बाण चारी दिशांना विखुरलेले दिसतील. ती चूक निदान डोळ्यांना तरी कळते.

उलट गणितही हाताशी असू द्या. समजा परभणीजवळच्या १९.२५ अक्षांश, ७६.७५ रेखांशाच्या बिंदूवर यू ४.२ आणि व्ही १.१ आहे. वेग म्हणजे दोघांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ, ४.३४ मीटर प्रति सेकंद, ३.६ ने गुणलं की ताशी १५.६ किलोमीटर. गणितातला कोन १४.७ अंश. तो २७० मधून वजा केला की वेधशाळेची दिशा २५५ अंश मिळते, म्हणजे पश्चिम-नैऋत्येकडून येणारा वारा.

कोन काढणाऱ्या एटॅन २ आज्ञेत ‘आर’ आधी व्ही आणि मग यू मागतं. एक्सेलमध्ये याच नावाच्या सूत्रात क्रम उलटा आहे: आधी आडवा घटक, मग उभा. अर्धं काम एक्सेलमध्ये आणि अर्धं ‘आर’मध्ये करणाऱ्यांचे बाण इथेच आरशात पाहिल्यासारखे उलटतात.

वेधशाळेच्या आकड्यांत आणखी काही खाचा असतात. सांकेतिक निरीक्षणांत दिशा दहा अंशांच्या एककात लिहितात: २७ म्हणजे २७०, ३६ म्हणजे उत्तर, ०० म्हणजे वारा शांत आणि ९९ म्हणजे दिशा अस्थिर. ९९ ला आकडा समजून सूत्रात घालू नका, त्या ओळी आधीच बाजूला काढा. वेग नॉटमध्ये असेल तर ०.५१४४ ने गुणून मीटर प्रति सेकंद करा. वाऱ्याचं यंत्र किती उंचीवर आहे तेही बघा. कृषी हवामान केंद्रांवर ते बहुधा १० मीटरपेक्षा बरंच खाली असतं. १० मीटरवरचा वेग २ मीटरवर आणायला एफएओच्या (संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या) सूत्राप्रमाणे ०.७५ ने गुणतात. वेगवेगळ्या उंचीवरचे बाण एका नकाशावर, एका मापाने कधीच दाखवू नयेत.

चाचणीचे बाण

खरी आकडेवारी लावण्याआधी याच जाळीवर खोटं क्षेत्र काढा. सगळीकडे यू १, व्ही ०: सगळे बाण पूर्वेकडे जायला हवेत. मग यू ०, व्ही १: सगळे उत्तरेकडे. मग दोन्ही १: ईशान्येकडे, आणि पडद्यावर कोनमापक ठेवून ४५ अंश भरले पाहिजेत. यात दहा मिनिटंही जात नाहीत आणि चिन्ह, क्रम, रेडियन, लांबी-रुंदीचं प्रमाण या चारही चुका इथेच पकडल्या जातात. माझ्या मते ही पायरी वगळून केलेल्या कुठल्याही बाणांच्या नकाशावर विश्वास ठेवू नये.

दुसरी चाचणी जागेची. नेटसीडीएफमध्ये अक्षांश बहुधा उत्तरेकडून दक्षिणेकडे उतरत जातात. टेरा ते सांभाळतं, पण कुणी एनसीडीएफ ४ या संचिकेने नुसता आकड्यांचा चौकोन उचलला तर नकाशा वरचा खाली होतो. जालन्याचा वारा मग धाराशिवच्या बाजूला सरकतो आणि बघणाऱ्याला काहीच खटकत नाही. म्हणून परभणीजवळच्या बिंदूचा आकडा मूळ फाईलमधून एक्स्ट्रॅक्ट आज्ञेने काढा आणि बाणांच्या (बिंदू गाळण्याआधीच्या) तक्त्यातल्या त्याच रेखांश-अक्षांशाच्या ओळीशी ताडून बघा.

किती बाण, किती लांब

एफोर कागदावर नकाशाची रुंदी १६ सेंटिमीटर धरा. पाच रेखांश त्यात बसवले की ०.२५ अंशाचे बिंदू ८ मिलिमीटर अंतरावर येतात. एवढ्या दाटीत ३५७ बाण काढले की कुठलाच वाचता येत नाही. एक सोडून एक बिंदू घ्या: ०.५ अंशाची जाळी, ११ गुणिले ९, एकूण ९९ बाण, १६ मिलिमीटरच्या अंतराने. वाचायला हे पुरेसं मोकळं आहे.

गाळताना ‘रेखांशाला ०.५ ने भागून बाकी शून्य’ अशी अट लावू नका. बरेच दशांश अपूर्णांक संगणकात तंतोतंत साठत नाहीत आणि काही ओळी विनाकारण गळू शकतात. रेखांश आणि अक्षांश ४ ने गुणा, राउंड करा आणि दोन्ही सम असतील तेवढेच बिंदू ठेवा.

ईआरए ५ चं क्षेत्र गुळगुळीत असल्यामुळे असं वेचून घेतलं तरी चालतं. जाळी बारीक आणि खडबडीत असेल, उदाहरणार्थ ०.१ अंशाची ईआरए ५ लँड, तर वेचण्याऐवजी ॲग्रिगेट आज्ञेने शेजारच्या पेशींची सरासरी घ्या. सरासरी यू आणि व्हीची वेगवेगळी घ्यायची. ॲग्रिगेटनंतर पेशींचे मध्य सरकतात, म्हणून रेखांश-अक्षांश नव्या थरातूनच घ्या.

आता लांबी. लांबीचं माप डोळ्यांनी ठरवू नका. सर्व वेगांचा ९५ वा परसेंटाईल (ज्याच्या खाली ९५ टक्के वेग येतात तो आकडा) काढा आणि त्याची लांबी दोन बाणांतल्या अंतराच्या ९० टक्के ठेवा. समजा तो ६ मीटर प्रति सेकंद आला: ०.४५ भागिले ६, म्हणजे दर मीटर प्रति सेकंदाला ०.०७५ अंश. सर्वांत मोठ्या वेगाला प्रमाण मानू नका. एखाद्या टोकाच्या आकड्यापायी बाकीचे सगळे बाण ठिपक्यांएवढे होतात.

बाणाची सुरुवात आणि शेवट काढताना रेखांशाची दुरुस्ती हवी. १९ अक्षांशावर एक अंश रेखांश साधारण १०५ किलोमीटर भरतो, एक अंश अक्षांश साधारण ११०.७. म्हणून:

आडवी लांबी = यू × ०.०७५ ÷ कोसाईन (अक्षांश)
उभी लांबी = व्ही × ०.०७५

ही दुरुस्ती वगळली तर मराठवाड्यात ४५ अंशांचा बाण ४६.६ अंशांचा दिसतो. फरक छोटा आहे. पण हीच आज्ञावली काश्मीरसाठी, ३४ अक्षांशावर वापरली तर चूक पाच अंशांपुढे जाते. सवय इथेच लावलेली बरी.

बिंदू बाणाच्या मध्यावर ठेवा: सुरुवात अर्ध्या लांबीने मागे, शेवट अर्ध्या लांबीने पुढे. आपल्या परभणीच्या बिंदूसाठी (वरच्या गाळणीत तो गळतो, पण हिशोब समजायला चालेल) आडवी लांबी ०.३३४, उभी ०.०८३. म्हणजे बाण ७६.५८३, १९.२०९ पासून ७६.९१७, १९.२९१ पर्यंत. कागदावर तो साधारण ११ मिलिमीटरचा भरतो. शेपूट बिंदूवर ठेवली तर सगळं क्षेत्र अर्ध्या बाणाने, वारा जिकडे जातो तिकडे, सरकल्यासारखं वाटतं. वेधशाळांच्या मोजक्या बिंदूंसाठी मात्र शेपूटच बिंदूवर ठेवून तिथे एक ठिपका द्यावा, म्हणजे केंद्र नेमकं कुठे आहे ते कळतं.

नकाशाचे थर

जीजीप्लॉटमध्ये आधी लिहिलेला थर खाली जातो. सर्वांत खाली वेगाचा रंग, जिओम टाईलने. त्यासाठी पूर्ण ३५७ बिंदू वापरा, गाळलेले नव्हे. त्यावर जिल्ह्यांच्या सीमा जिओम एसएफने, भराव रिकामा आणि रेघ करडी. त्यावर बाण जिओम सेगमेंटने. सर्वांत वर जिल्ह्यांची नावं. जिल्हे बाणांनंतर लिहिले आणि भराव रिकामा ठेवायला विसरलात, तर सगळे बाण त्याखाली गडप होतात. ‘बाण येतच नाहीत’ या तक्रारीमागे बऱ्याचदा एवढंच असतं.

वेगासाठी व्हिरिडिससारखी रंगपट्टी घ्या, पण तिचा सगळ्यात गडद भाग वगळा, नाहीतर काळे बाण त्यात बुडतात. इंद्रधनुष्यी पट्टी टाळा. तिच्या पिवळ्या पट्ट्यामुळे जिथे काहीच घडत नाही तिथे सीमारेषा भासते.

बाणाचं टोक जिओम सेगमेंटला ॲरो आज्ञेतून देतात. तिथे काही न सांगता सोडलं तर टोकाची लांबी पाव इंच, म्हणजे ६.३५ मिलिमीटर असते. आपल्या मापाने १ मीटर प्रति सेकंदाच्या बाणाची दांडी २.५ मिलिमीटर आहे. अडीच मिलिमीटरच्या दांडीवर सव्वासहा मिलिमीटरचं टोक बसलं की दांडी दिसतच नाही, नुसती टोकं दिसतात. टोक १.५ मिलिमीटर ठेवा, कोन २० ते २५ अंश, प्रकार क्लोज्ड. रेघेची जाडी लाईनविड्थ या नावाने ०.३ ते ०.४. जीजीप्लॉटच्या ३.४.० आवृत्तीपासून साईझऐवजी हेच नाव आहे. जुन्या आज्ञावल्या चिकटवल्या की इशारा येतो तो यासाठी. ०.५ मीटर प्रति सेकंदाच्या खालच्या वेगांना बाण न काढता छोटा ठिपका द्या. एवढ्या मंद वाऱ्याला दिशा दाखवणं म्हणजे नसलेली खात्री दाखवणं.

नकाशाची चौकट कोऑर्ड एसएफने बांधा: आडव्या मर्यादा ७४ ते ७९, उभ्या १७ ते २१, एक्स्पांड बंद. ही आज्ञा लांबी-रुंदीचं प्रमाण अक्षांशाप्रमाणे राखते. साधी कार्टेशियन चौकट ठेवली तर आरस्टुडिओची खिडकी रुंद केली की नकाशा ताणला जातो, आणि त्याबरोबर प्रत्येक बाणाचा कोन बदलतो. खिडकी ओढून वाऱ्याची दिशा बदलत असेल तर चौकट चुकली आहे, हे पक्कं समजा.

मापाचा बाण हवाच. उजव्या-खालच्या कोपऱ्यात, तेलंगणाच्या बाजूला मोकळी जागा असते. ॲनोटेट आज्ञेने आधी पांढरा चौकोन, मग ७८.३, १७.२ पासून ५ मीटर प्रति सेकंदाचा आडवा बाण काढा. लांबी ०.३७५ भागिले त्या अक्षांशाचं कोसाईन, म्हणजे ०.३९३, शेवट ७८.६९३ वर. खाली ‘५ मी./से.’ लिहा. हा बाण वेगळ्या हिशोबाने न काढता बाकीच्या बाणांच्याच सूत्रातून काढा, म्हणजे माप बदललं की तोही आपोआप बदलेल.

हे सगळं हाताने करायचं नसेल तर मेटआर नावाची पुरवणी आहे. तिची जिओम ॲरो आज्ञा पडद्यावरचा कोन राखते, स्किपने बिंदू गाळते आणि स्केल मॅगने मापाचा बाण देते. सोय मोठी आहे. तरीही पहिला नकाशा हाताने बांधावा असं मी सुचवेन, कारण पुरवणी नेमकं काय करते ते मगच कळतं.

प्रक्षेपण बदलायचं असेल तर

प्रक्षेपण म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडण्याची पद्धत. क्षेत्रफळ किंवा अंतर मोजायचं असेल तर मीटरमधला नकाशा लागतो, युटीएम या प्रक्षेपणाचा पट्टा ४३ उत्तर, संकेतांक ३२६४३. हा पट्टा ७८ रेखांशापर्यंत आहे. किनवटची बाजू थोडी पलीकडे जाते, पण एकाच नकाशासाठी ४३ च चालवून घ्या.

कोऑर्ड एसएफला ३२६४३ सांगितलं की जिल्हे नीट येतात आणि बाण नाहीसे होतात. कारण सरळ आहे. एसएफचे थर स्वतःचं प्रक्षेपण बरोबर बाळगतात, पण जिओम सेगमेंटचे आकडे नुसते आकडे असतात. ७६ आणि १९ हे अंश न धरता मीटर धरले जातात आणि बाण मराठवाड्यापासून दोन हजार किलोमीटर दूर, विषुववृत्ताजवळ जाऊन बसतात. त्याच आज्ञेत डिफॉल्ट सीआरएस म्हणून ४३२६ (अंशांतल्या रेखांश-अक्षांशांचा संकेतांक) द्या. मग सुरुवात आणि शेवट दोन्ही बिंदू अंशांतून मीटरमध्ये बदलले जातात आणि बाणांचा कोनही आपोआप बरोबर वळतो.

यू-व्हीचे थर आधीच युटीएममध्ये बदलून मग बाण काढलेत तर कोन थोडा चुकतो, कारण युटीएमची उभी रेघ आणि खरी उत्तर एक नसते. किनवटजवळ हा फरक एक अंशाचा आहे, दुर्लक्ष करण्याजोगा. डब्ल्यूआरएफ या हवामान प्रतिमानाच्या फाईलींबाबत मात्र दुर्लक्ष करू नका. त्यातले यू-व्ही प्रतिमानाच्या जाळीच्या दिशेने असतात, खऱ्या पूर्व-उत्तरेने नव्हे. फाईलमध्येच साईन अल्फा आणि कोस अल्फा हे थर दिलेले असतात. त्यांनी फिरवून घेतल्यावरच बाण काढा.

सरासरी कशाची

एका दिवशी वारा ३५० अंशांवरून आला, दुसऱ्या दिवशी १० वरून. दोन्ही दिवस तो उत्तरेचाच. अंशांची सरासरी घेतली की येतात १८०, म्हणजे दक्षिणेचा वारा. म्हणून दिशेची सरासरी कधीच काढायची नाही. यूच्या ३१ थरांची सरासरी, व्हीच्या ३१ थरांची सरासरी, आणि त्यातून बाण.

पण त्या बाणाची लांबी म्हणजे सरासरी वेग नव्हे. पंधरा दिवस पूर्वेचा आणि पंधरा दिवस पश्चिमेचा सारखाच वारा वाहिला, तर सरासरी बाण शून्य लांबीचा येतो, वारा मात्र रोज वाहतच होता. म्हणून रोजचा वेग वेगळा काढून त्याचीही सरासरी घ्या, आणि बाणाच्या लांबीला तिने भागा. हा स्थिरतेचा आकडा शून्य ते एक असतो. जुलैत मराठवाड्यात वारा पश्चिम-नैऋत्येकडून सलग वाहतो आणि आकडा एकच्या जवळ जातो. ऑक्टोबरमध्ये वारे फिरतात, तेव्हा तो घसरतो. ०.५ च्या खालचे बाण फिके काढा. वाचणाऱ्याला लगेच कळतं की तिथे ‘सरासरी दिशा’ म्हणण्यात फारसा अर्थ नाही. पवनचक्कीसाठी बीड-धाराशिवचा अभ्यास करणाऱ्यांनी रंगाच्या थरात सरासरी वेगच दाखवावा, सरासरी बाणाची लांबी नव्हे.

२७ किलोमीटरच्या जाळीची मर्यादाही लक्षात असू द्या. मार्च २०१४ च्या गारपिटीसारख्या घटनेतला झोतवारा एखाद-दुसऱ्या गावाच्या टापूत, काही मिनिटांचा असतो. तो या बाणांत शोधू नका. आसपासची मोठी हवा कुठून कुठे सरकत होती एवढंच ते सांगतात.

वाऱ्याऐवजी उतार

हीच पद्धत जमिनीच्या उतारालाही लागते: बालाघाटच्या डोंगररांगेवरून पाणी गोदावरीकडे कुठे आणि मांजरेकडे कुठे वळतं हे दाखवायला. उंचीच्या थरावर टेराची टेरेन आज्ञा स्लोप आणि ॲस्पेक्टसाठी चालवा. ॲस्पेक्टही उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याप्रमाणेच मोजतात, पण तो उतार *जिकडे* जातो ती दिशा देतो. म्हणजे सूत्रातलं ऋण चिन्ह इथे काढायचं. वाऱ्याची आज्ञावली जशीच्या तशी वापरली तर पाणी चढावर वाहतं. ॲस्पेक्टवर ॲग्रिगेटने सरासरीही घेऊ नका. आधी दोन घटक करा, मग सरासरी.

स्टाटा वापरणाऱ्यांसाठी

टूवे पीसीॲरो ही आज्ञा हेच काम करते. तिला चार चल लागतात आणि क्रम आधी उभा, मग आडवा असा आहे: सुरुवातीचा अक्षांश, सुरुवातीचा रेखांश, शेवटचा अक्षांश, शेवटचा रेखांश. लांबी-रुंदीचं प्रमाण ॲस्पेक्टरेशोने हाताने द्यावं लागतं. आपल्या चौकटीसाठी ४ भागिले (५ गुणिले ०.९४५५), म्हणजे ०.८४६.

देवनागरी नावं आणि फाईल

जिल्ह्यांची नावं मराठीत हवीत तर चाचणीचा शब्द ‘हिंगोली’. ‘आर’च्या साध्या पीडीएफ आज्ञेने काढलं तर नावांच्या जागी रिकामे चौकोन किंवा ठिपके येतात. शोटेक्स्ट या पुरवणीने अक्षरं दिसतात, पण ती एकेक सुटी मांडली जातात: ‘हि’ची वेलांटी ‘ह’च्या आधी न बसता पुढे पडते आणि ‘छत्रपती’तला ‘त्र’ फुटून त-हलन्त-र असा दिसतो. चौकोन नाहीत म्हणून हे नजरेतून सुटतं आणि छापील पानावर लक्षात येतं.

रॅगची एजीजी पीएनजी आज्ञा जोडाक्षरं नीट जुळवते. जीजीसेव्हला डिव्हाईस म्हणून तीच द्या आणि नावांच्या थरात नोटो सान्स देवनागरी, किंवा विंडोजवर निर्मला यूआय हा टंक फॅमिलीमध्ये लिहा. थीममध्ये टेक्स्टला दिलेला टंक फक्त मथळ्याला आणि अक्षांवरच्या अक्षरांना लागतो, नकाशावरच्या नावांना नाही. तिथे तो वेगळा द्यावा लागतो. रुंदी १६ सेंटिमीटर, उंची १५, घनता ३०० डीपीआय. आकार इथेच ठरवा, वर्डमध्ये कोपरा धरून ओढू नका. बाजूने ओढला की कोनमापकाने तपासलेले बाण पुन्हा वाकडे होतात.

नकाशाखालच्या ओळीत एवढं लिहा: ‘ईआरए ५, १० मीटर उंचीवरचा वारा, जुलै २०२३, रोज दुपारी २:३० (भारतीय वेळ), ३१ दिवसांच्या घटकांची सरासरी, बाण वारा जिकडे जातो ती दिशा दाखवतात, रंग सरासरी वेगाचा, बाण ०.५ अंशाच्या अंतराने.’